छोटीच्या स्पर्धेचा आठवडा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

छोटीची राज्याच्या सौंदर्यस्पर्धेसाठी निवड झाल्यापासून तुमचे दोघांचे फोन येतात आणि एकाही प्रश्नाचं उत्तर धड पूर्ण होत नाही. आईला कपड्यांची काळजी, बाबांना पैशाची आणि पोरीच्या सुरक्षेची. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. पऱ्हाटीची वेचणी सुरू आहे हे माहीत आहे. रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी सोबत वाचा.

आधी एक गोष्ट पक्की धरा. टीव्हीवर किंवा मोबाइलवर दिसते ती शेवटची रात्र दोन-तीन तासांची, पण निकालाचा मोठा भाग त्याआधीच ठरलेला असतो. पंधरा किंवा दहा मुली पुढे जातात त्या आठवडाभरात पडलेल्या गुणांवर. त्यामुळे आठवडाभर छोटी झोपली किती, जेवली काय, पाय शाबूत राहिले का, यावर मुकुटाचा हिशेब चालतो. नटणं त्याच्या मागून येतं.

आठवडा बहुतेक ठिकाणी असा असतो. पहिल्या दिवशी हजेरी, कागदपत्रांची तपासणी, उंची आणि मापं, खोलीवाटप, आणि छातीवरून तिरका जाणारा जिल्ह्याच्या नावाचा पट्टा, म्हणजे सॅश. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात-आठला तालीम. मधल्या दिवसांत फोटो, प्रायोजकांचे कार्यक्रम, कलागुणांची फेरी आणि परीक्षकांसमोर बंद खोलीतली मुलाखत. अंतिम फेरीच्या एक-दोन दिवस आधी प्राथमिक फेरी. तिथले गुण सगळ्यांत मोलाचे. मग पूर्ण वेशातली रंगीत तालीम आणि शेवटी ती रात्र. काही स्पर्धांत शेवटच्या पाच जणींचे गुण पुन्हा शून्यापासून मोजतात, काहींत आधीचे धरतात. नियमपत्रिकेत हे लिहिलेलं असतं. छोटीनं ते पान आधी वाचावं, कारण आपला जोर कुठे लावायचा ते त्यावरच ठरतं.

आता पायांचं. आई, तुला वाटतं उंच टाचा हा थाट आहे. खरं तर तिथलं सगळ्यांत अवघड काम तेच. पाच इंचांची टाच घालून दिवसाचे सहा-सात तास उभं राहायचं, नाचाची आठ-आठ मात्रांची मोजणी पाठ ठेवायची, आणि मंचावर चिकटपट्टीनं आखलेल्या खुणेवर बरोबर येऊन थांबायचं. मंच प्लायच्या फळ्या जोडून केलेला असतो. दोन फळ्यांच्या सांध्यात बारीक टाच अडकली की मुलगी पडते. म्हणून पहिल्याच तालमीत मंचावरून अनवाणी चालून सांधे कुठे आहेत ते पायांनी ओळखून घ्यायचे. नवीन सँडलचा तळ गुळगुळीत असतो, त्यावर सँडपेपर घासून तो खरखरीत करावा लागतो. सँडल संध्याकाळीच विकत घ्यायची, कारण दिवसभराच्या चालण्यानं पाय थोडे सुजतात आणि स्पर्धेतही ती सुजलेल्या पायांवरच घालायची असते. घोट्याला पट्टा असलेली घ्यावी. फोड येऊ नयेत म्हणून कागदी चिकटपट्टी (मेडिकलवाला मायक्रोपोर म्हणतो) टाचेला आणि करंगळीला सँडल घालायच्या आधी लावायची. फोड आल्यावर लावली तर काढताना कातडी निघते. तालमीची एक जोडी आणि मंचाची दुसरी. मंचाची जोडी घरी रोज थोडा वेळ घालून पायाच्या सवयीची करून घ्यायची. आपल्या घरातली शहाबादी फरशी त्यासाठी छान आहे, तिला अडवू नकोस.

गाऊनबद्दल बाबांना खर्चाची धास्ती आहे. 1994 च्या मिस इंडियात सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचे गुण सारखे झाले होते आणि शेवटच्या एका प्रश्नावर निकाल लागला. त्या रात्रीचा सुश्मिताचा गाऊन दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारातलं कापड घेऊन साध्या शिंप्यानं शिवला होता आणि हातमोजे कोऱ्या पायमोज्यांपासून केले होते, हे तिनं स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. तेव्हा लाखाचा गाऊन लागतोच असं नाही. लागतं ते माप. गाऊनची लांबी तीच सँडल घालून, सरळ उभं राहून मोजायची. समोरून जमिनीपासून एक ते दीड इंच वर, मागे हवा तेवढा घोळ. अनवाणी मोजलेला गाऊन मंचावर टाचा घातल्या की घोट्याच्या वर लोंबतो. चालताना पाऊल उचलून टाकायचं नाही, पायाच्या बोटांनी घेर हलकासा पुढे सारत जायचं. आई, तू धुऱ्यावरून डोक्यावर पाटी घेऊन येताना लुगड्याच्या निऱ्या जशा पायानं सारतेस, अगदी तसंच. छोटीला ते तूच दाखव, तालमीतल्या कुणाहीपेक्षा तुला चांगलं जमतं.

गाऊन बिघडतो तो मुख्यतः चेनीपाशी. घट्ट शिवलेला असतो, घाईत ओढला जातो, की दात सुटतात. म्हणून आतून दोन-तीन हूक लावून घ्यायचे, म्हणजे चेन गेली तरी कपडा अंगावर राहतो. टिकल्या आणि मणी असलेल्या कापडावर इस्त्री नको, टिकल्या वितळून वाकतात. वाफ द्यायची किंवा आंघोळीच्या गरम पाण्याच्या वाफेत टांगून ठेवायचा. गळ्याजवळ कपडा अंगाला धरून ठेवायला लावतात ती दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी तेलकट किंवा क्रीम लावलेल्या अंगाला धरत नाही, तिथली त्वचा आधी स्पिरिटनं पुसावी लागते. सॅश खांद्यावर आणि कमरेला आतल्या बाजूनं पिनेनं पक्की करायची, नाहीतर हात वर केला की घसरते आणि मुलगी चालता चालता तीच सावरत बसते. परीक्षकांना नेमकं तेवढं दिसतं.

चेहऱ्याचं थोडक्यात सांगते. शेवटच्या आठवड्यात नवं काहीच नको. नवी क्रीम नको, ब्लीच नको, मैत्रिणीनं दिलेला लेप नको. त्वचेला सोसलं नाही तर पुरळ बसायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस हातात नसतात. वॅक्सिंग तीन-चार दिवस आधी. फाउंडेशनचा रंग मनगटावर लावून बघतात, ते चूक. जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघावा, म्हणजे चेहरा आणि मान वेगळी दिसत नाही. आणि दुकानदार म्हणतो म्हणून दोन छटा उजळ अजिबात घेऊ नये. आपली पोर सावळी आहे, दिव्यांखाली सावळा रंग फार देखणा दिसतो. पांढरी बारीक पावडर जास्त झाली की फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरे पट्टे उमटतात. साध्या आरशात ते दिसत नाहीत, म्हणून मोबाइलच्या फ्लॅशनं आधी एक फोटो काढून बघायचा.

जेवणावर मात्र मी हट्टानं लिहिते आहे. तिथे मुली चक्कर येऊन पडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: पोट दिसू नये म्हणून खाणं आणि पाणी दोन्ही तोडलेलं असतं. पाणी तोडल्यानं पोट आत जात नाही, पायात गोळे येतात आणि ओठ फाटतात. छोटीनं सकाळी पोटभर खावं, दर तीन तासांनी थोडं खावं आणि पाणी दिवसभर घोट-घोट प्यावं. फक्त शेवटच्या दोन दिवसांत जास्त मीठ, पापड, लोणचं, सोडा आणि वातूळ कडधान्यं टाळावीत, त्यानं अंग फुगल्यासारखं होतं. आई, तू शेंगदाण्या-गुळाचे लाडू कर, लहान लहान, एका घासाचे. सोबत फुटाणे दे, ते मात्र शेवटचे दोन दिवस सोडून खावेत. ठेचा या वेळी देऊ नकोस. ती मागेल, तरी नको. रिकाम्या पोटी तिखट गेलं की जळजळ सुरू होते, आणि जळजळ असताना मुलाखतीत हसू येत नाही. पाळीची तारीख त्या आठवड्यात येत असेल तर मेडिकलमधून गोळ्या आणून पुढे ढकलू नका. यवतमाळला डॉक्टरीण बाईंना आधीच दाखवून घ्या.

मुलाखत तीन ते पाच मिनिटांची असते. समोर पाच-सात जण, आणि त्यांच्या हातात छोटीनं भरलेला अर्ज. अर्जात जे लिहिलं त्यातलं काहीही विचारतात. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिलं की शेवटी वाचलेलं पुस्तक कोणतं आणि त्यातलं काय पटलं नाही, हे आलंच. म्हणून जे खरं करते तेच लिहावं. ती शेतकीची पदवीधर आहे, बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे आणि कधी लावायचे हे तिला कुणाहीपेक्षा नीट सांगता येतं, ते लिहावं. विदर्भातली मुलगी म्हटली की शेतकरी आत्महत्यांवर प्रश्न येण्याची शक्यता आहे. त्यावर पाठ केलेलं, गळा भरून आलेलं भाषण तिनं करू नये असं मला मनापासून वाटतं. गावात काय दिसतं तेवढं बोलावं: कर्ज कशासाठी काढलं जातं, पाऊस उघडला की दुबार पेरणीचं बियाणं कुठून आणतात, विहीर असलेल्या आणि नसलेल्या वावरात काय फरक पडतो. परीक्षक अशा वेळी लिहायचं थांबून वर बघतात.

शेवटच्या प्रश्नाला साधारण अर्धा मिनिट मिळतं. आधी सरळ उत्तर, मग एक कारण, मग एक उदाहरण, आणि थांबायचं. मुली हरतात त्या बहुधा थांबता न आल्यामुळे. पहिलं वाक्य चांगलं जातं, मग तेच तीनदा फिरवून सांगतात. बाबा, तुम्ही रोज पेपरातली एक बातमी वाचून तिला विचारा, ‘तुला काय वाटतं?’ आणि घड्याळ बघा. इंग्रजीची भीती घालू नका. मराठीत किंवा हिंदीत उत्तर देता येतं का ते आयोजकांना आधी लेखी विचारून ठेवू. चालत असेल तर तिनं मराठीतच बोलावं.

आई, तुझा न विचारलेला प्रश्न पोहण्याच्या कपड्यांचा आहे, मला कळतं. 1996 साली बंगळुरूला मिस वर्ल्ड झाली तेव्हा याच फेरीवरून मोठा विरोध झाला आणि ती फेरी सेशेल्सला हलवावी लागली. पुढे मिस वर्ल्डनं ती फेरी काढूनच टाकली; मिस युनिव्हर्समध्ये अजून आहे. छोटीच्या स्पर्धेच्या पत्रिकेत ‘फिटनेस फेरी’ लिहिलं आहे. कपडा कोणता, फोटो कुठे वापरणार, हे अर्जावर सही करण्याआधी विचारायचं. काय घालायचं ते छोटीनं ठरवावं, आणि तिनं ठरवलं की घरातून कुणी टोमणा मारू नये. मोठी आई बोलली तर तिला समजावण्याचं काम तुझं.

बाबा, आता तुमचं. खऱ्या स्पर्धेत मुकुटासाठी आगाऊ पैसे लागत नाहीत. ‘इतके भरा, पहिल्या पाचात आणतो’ असं कुणी म्हटलं की तो ठग समजा, मग ओळखीतला असला तरी. प्रवेशशुल्क असेल तर पावती घ्या, आणि राहणं-जेवण त्यात आहे की वेगळं ते लिहून घ्या. करारनाम्यात चार गोष्टी बघायच्या: किती महिने बांधून घेतात, तिच्या कमाईतला किती हिस्सा घेतात, दुसरीकडे काम करायला मनाई आहे का, आणि बक्षीस रोख आहे की नुसतं सवलतीचं कूपन. दारव्ह्याला कोर्टात बसणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्या, त्याशिवाय सही नको. मापं बाईनंच घ्यावीत आणि खोलीत आणखी कुणी मुलगी असावी. परीक्षक किंवा प्रायोजक एकटीला भेटायला बोलावत असेल तर जायचं नाही. मुलींची जबाबदारी असलेल्या बाईंना लगेच सांगायचं. त्या बाईंचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी तुमच्याकडे आला पाहिजे, तो छोटीकडून मागून घ्या.

शिक्षण सुटेल ही धास्ती नको. रीटा फारिया 1966 साली मिस वर्ल्ड झाल्या तेव्हा मुंबईत डॉक्टरकी शिकत होत्या, आणि मुकुटाचं वर्ष संपल्यावर त्या डॉक्टरच झाल्या. छोटीची एम.एस्सी. ची जागा कुठे जात नाही.

त्या आठवड्यात फोन रात्री नऊनंतर एकदाच करा. दिवसा तिचा फोन जमा असतो, लागला नाही म्हणून घाबरू नका. उधारी, वाटणीचा वाद, आलेलं स्थळ, यातलं काहीही तिच्या कानावर घालू नका. आणि निकालाच्या रात्री गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही आलं तर लगेच पेढे वाटू नका. 2015 च्या मिस युनिव्हर्समध्ये निवेदकानं चुकून कोलंबियाच्या मुलीचं नाव घेतलं, मुकुटही चढला, आणि काही मिनिटांत तो काढून फिलिपिन्सच्या मुलीला द्यावा लागला. छोटीचा स्वतःचा फोन येईपर्यंत थांबा.

तिच्या पिशवीत एवढं नक्की घाला: सुई आणि गाऊनच्या रंगाचा दोरा, मोठ्या-छोट्या सेफ्टी पिना, मायक्रोपोरच्या दोन गुंडाळ्या, स्पिरिटची छोटी बाटली, जास्तीचे हूक, जाड पायमोजे, ओआरएसची पाकिटं, आधार कार्ड, जन्मदाखला आणि अधिवास प्रमाणपत्राच्या तीन-तीन झेरॉक्स. अधिवास प्रमाणपत्र सेतू केंद्रातून यायला वेळ लागतो, तेव्हा बाबा, सोमवारीच तहसीलला जाऊन अर्ज टाका. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट मी इथून काढते, तिच्या सोबत कोण येणार तेवढं दोन दिवसांत कळवा.

तुमची,
मोठी