विषय: जुने मोबाइल, बॅटऱ्या यांसाठी कायमस्वरूपी पेटी ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना एक जुना मोबाइल सापडला. बॅटरी इतकी फुगली होती की मागचं झाकण उचललं गेलं होतं. मी तो सुक्या कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात कचरा न्यायला आलेल्या ताईंनी अडवलं. त्यांचंच बरोबर होतं. लिथियम-आयन बॅटरी गाडीत दाबली गेली किंवा तिला भोक पडलं तर आत शॉर्टसर्किट होऊन पेट घेते, आणि त्या वेळी जवळ असतात ते आपला कचरा उचलणारेच.

मग आमच्या मजल्यावर सहज विचारून पाहिलं. प्रत्येक घरात एक तरी खण बंद फोन, चार्जर, वायरींनी भरलेला निघाला. फोटो आणि बँकेचे मेसेज दुसऱ्याच्या हाती जातील, ही भीती सर्वांत मोठी. काहींना वाटतं, कधीतरी उपयोगी पडेल. द्यायचं कुठे, हे बहुतेकांना ठाऊकच नाही. बेफिकिरी मला कुठेच दिसली नाही.

म्हणूनच जुने फोन, चार्जर असा ई-कचरा गोळा करण्याची गेल्या वर्षीची एक दिवसाची मोहीम पुरी पडली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या रविवारी निम्मी घरं बाहेरगावी होती, आणि फोन रिकामा करून द्यायला कोणी नव्हतं. जगभरातही चित्र वेगळं नाही: 2022 साली सुमारे 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे फक्त 22.3 टक्क्यांची.

माझी विनंती अशी, की प्रवेशद्वाराजवळ कुलूपबंद पेटी कायम असावी. बॅटऱ्यांचा डबा वेगळा, टोकांवर चिकटपट्टी लावूनच त्यात टाकायच्या. फुगलेली बॅटरी मात्र पेटीत नको, ती सुरक्षारक्षकांकडे दिलेल्या वाळूच्या बादलीत. माल अधिकृत पुनर्वापर केंद्रालाच द्यावा आणि त्यांची पावती सूचना फलकावर लावावी. वजनावर घेऊन जाणाऱ्यांकडे गेलेल्या वायरी पुष्कळदा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो विषारी धूर जाळणाऱ्याच्या छातीत जातो.

फोनमधली माहिती कशी पुसायची, हे मी महिन्यातून एका संध्याकाळी कार्यालयात बसून दाखवीन. सिमकार्ड आणि मेमरीकार्ड काढायला अनेकजण विसरतात, तेही तिथेच बघता येईल. पेटीची किल्ली आणि नोंदवही सांभाळायलाही मी तयार आहे.

पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक सभासद