दुखापतग्रस्तांची यादी जाहीर व्हावी

महोदय,

आवडत्या संघातला एखादा खेळाडू जायबंदी झाला की त्याच्या जागी कोणाला घ्यावे, यावर पुण्यातला प्रत्येक क्रीडाप्रेमी मत देतो आणि तो त्याचा हक्कच आहे, असे मी मानतो. तिकीट काढून गहुंज्याच्या क्रिकेट मैदानापर्यंत जाणारा, रात्री उशिरापर्यंत दूरचित्रवाणीसमोर बसणारा आणि सकाळी आपल्या पत्राचे क्रीडा पान आधी उघडणारा माणूस संघाच्या बऱ्यावाइटात मनाने सामील असतो. ही मते ऐकताना मात्र मला एक गोष्ट सतत खटकते आणि तिचा दोष मी चाहत्यांच्या माथी मारणार नाही. खेळाडूला नेमके काय झाले, कधी झाले, तो किती काळ बाहेर राहणार आणि त्याच्या जागी येणारा कोणत्या निकषावर आला, हे आपल्याकडे वेळेवर आणि अधिकृतपणे कळत नाही. अशा अपुऱ्या माहितीवर बनलेली मते शेवटी जायबंदी खेळाडूवरच अन्याय करतात. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आणि आपल्या राज्यापुरते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने दुखापतग्रस्त खेळाडूंची यादी जाहीरपणे ठेवावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

ऋतुराज गायकवाड आपल्या पुण्याचा, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. ३० मार्च २०२५ रोजी आयपीएलमध्ये चेन्नई संघाचा कर्णधार म्हणून गुवाहाटीत राजस्थानविरुद्ध खेळताना तुषार देशपांडेचा चेंडू त्याच्या हातावर आदळला. तशाही स्थितीत त्याने त्या डावात ६३ धावा केल्या. त्यानंतर तो दिल्ली आणि पंजाब या दोन संघांविरुद्ध खेळला आणि अनुक्रमे ५ व १ धाव करून बाद झाला. या दोन सामन्यांनंतर आपल्या शहरात त्याच्याविषयी जे बोलले गेले, ते मी प्रत्यक्ष ऐकले आहे. कर्णधारपदाचे ओझे त्याला पेलत नाही, सलामी सोडून तिसऱ्या क्रमांकावर येण्याचा हट्ट त्याला नडला, त्याने स्वतःला वगळावे, असे सांगणाऱ्यांत त्याला सुरुवातीच्या दिवसांपासून पाहत आलेले लोकही होते. मग १० एप्रिलला प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, त्याच्या कोपराला फ्रॅक्चर आहे, क्ष-किरण तपासणीत ते स्पष्ट झाले नव्हते, एमआरआयमध्ये दिसले आणि आता तो उर्वरित हंगामाला मुकणार आहे. चेंडू लागल्यापासून या घोषणेपर्यंत अकरा दिवस गेले आणि त्या दिवसांत अस्थिभंग झालेल्या हाताने खेळणाऱ्या माणसाच्या तंत्राची आणि मनोबलाची आपण चिरफाड करत बसलो.

निदानाला उशीर होऊ शकतो, हे मला मान्य आहे. त्यासाठी मी कोणत्याही डॉक्टरला बोल लावत नाही. परंतु त्याच्या हाताला मार बसला आहे, पहिली तपासणी निर्णायक ठरलेली नाही आणि पुढची व्हायची आहे, एवढे तीन ओळींचे अधिकृत निवेदन पहिल्याच आठवड्यात आले असते, तर त्या ५ आणि १ धावांकडे पाहण्याची सर्वांची नजर वेगळी राहिली असती.

त्यानंतर बदली खेळाडूचा प्रश्न आला आणि तिथेही भावनेने तर्कावर मात केली. महाराष्ट्राचा खेळाडू बाहेर गेला म्हणून महाराष्ट्राचाच घ्या, असा एक सूर होता. लिलावात कोणी न घेतलेल्या पृथ्वी शॉला बोलवा, असा दुसरा. चेन्नईने मुंबईच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेला निवडले. माझ्या मते ती निवड अचूक होती. बदली खेळाडूची जागा हे बक्षीस नसते. जे काम अडले आहे, ते करणारा माणूस तिथे हवा असतो. त्या संघाचे अडले होते ते पहिल्या सहा षटकांत धावा काढण्यावाचून. राहुल त्रिपाठी हा महाराष्ट्राचाच खेळाडू आधीपासून संघात होता, पण त्याची बॅट त्या हंगामात चालली नव्हती. म्हात्रेने वानखेडेवर पहिल्याच सामन्यात १५ चेंडूंत ३२ धावा केल्या, पुढे बंगळूरुविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ केल्या आणि सात सामन्यांत २४० धावा जमवल्या. चेन्नईचा संघ तरीही गुणतक्त्यात तळाला राहिला. एका बदलीने सगळा हंगाम सावरत नाही, हे खरे असले तरी निवड चुकली असे त्यावरून म्हणता येणार नाही.

आयपीएलचा नियमही येथे लक्षात घ्यायला हवा, कारण चर्चेत तो सहसा कोणी विचारात घेत नाही. ज्याच्या जागी बदली घेतली, त्याला त्या हंगामात पुन्हा खेळता येत नाही. त्यामुळे खेळाडू दोन आठवड्यांत बरा होण्याची आशा असेल, तर संघ त्याला सोडायला कचरतो, आणि बाहेर बसलेल्या आपल्याला वाटते की व्यवस्थापन झोपले आहे. नियम आणि दुखापतीचा अंदाज दोन्ही समोर असतील, तर चाहत्याचे मत अधिक नेमके होईल. त्यानंतरही तो टीका करील, पण ती टीका ऐकण्याजोगी असेल.

आता आपल्या गहुंज्याच्या मैदानावर घडलेल्या प्रसंगाकडे येतो. ३१ जानेवारी २०२५ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यातील चौथा टी-ट्वेंटी सामना येथे झाला. ३ बाद १२ अशा अवस्थेतून सावरून भारताने १८१ धावा केल्या. हार्दिक पंड्या आणि शिवम दुबे या दोघांनी प्रत्येकी ५३ धावांची खेळी केली. शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू दुबेच्या हेल्मेटवर आदळला, तपासणी झाली, दुबे पुढचा चेंडू खेळला आणि डावाच्या अखेरच्या चेंडूवर धावबाद झाला. मध्यंतरानंतर मात्र तो मैदानात उतरला नाही. त्याच्या जागी कन्कशन बदली (डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्यास मिळणारा बदली खेळाडू) म्हणून हर्षित राणा आला आणि त्याने ३३ धावांत लिव्हिंगस्टन, बेथेल आणि ओव्हर्टन असे तीन बळी घेतले. भारत १५ धावांनी जिंकला. राणा कोणाच्या जागी मैदानात आहे, हे फलंदाजीला आल्यावर आपल्याला समजले, असे इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर याने सामन्यानंतर सांगितले. प्रतिस्पर्धी कर्णधाराची ही अवस्था असेल, तर स्टँडमध्ये बसलेल्या पुणेकराला काय कळणार?

या प्रसंगात पुण्यातले बहुतेक लोक आपल्या संघाची बाजू घेतात. संघ माझाही आहे, तरीही मला ती बाजू घेता येत नाही. जायबंदी खेळाडूने उर्वरित सामन्यात कोणती भूमिका बजावली असती आणि बदली खेळाडू कोणती बजावील, याचा विचार करून सामनाधिकाऱ्याने निर्णय द्यावा, असा नियम आहे. दुबेची फलंदाजी झाली होती. उरली होती ती त्याची मध्यमगती गोलंदाजी, आणि तीही अनेक सामन्यांत कर्णधार त्याला पूर्ण चार षटके देत नाही. राणा हा पूर्णवेळ वेगवान गोलंदाज आहे. सामनाधिकाऱ्याने परवानगी दिली असल्याने नियमभंग झाला, असे मी म्हणत नाही. पण दोन खेळाडू एकाच प्रकारचे होते, हे मला पटत नाही. त्याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. डोक्याला मार लागल्यामुळे ज्याला शुक्रवारी सामन्यातून काढले, तो दुबे रविवारी, २ फेब्रुवारीला, वानखेडेवर खेळला, त्याने फलंदाजी केली आणि बळीही घेतले. डोक्याची इजा गंभीर होती, तर दोनच दिवसांत त्याला खेळवायला नको होते. आणि ती तितकी नव्हती, तर बदली खेळाडूचा निर्णय कशाच्या आधारावर झाला, याचे सविस्तर स्पष्टीकरण हवे होते.

ही शंका योग्य होती, असे नंतरच्या नियमांवरून म्हणता येते. २०२५ च्या मध्यापासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कन्कशन बदलीसाठी यष्टिरक्षक, फलंदाज, वेगवान गोलंदाज, फिरकी गोलंदाज आणि अष्टपैलू अशी पाच नावे सामन्याआधीच द्यायला सांगितली आणि कन्कशनचे निदान झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस विश्रांती सक्तीची केली. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडविरुद्धच्या मँचेस्टर कसोटीत ऋषभ पंतच्या पायाचे हाड मोडले आणि तो तशा पायाने फलंदाजीला उतरला. यष्टिरक्षण ध्रुव जुरेलला करता आले, पण नियमामुळे त्याला पंतऐवजी फलंदाजी करता आली नसती. पुढच्याच कसोटीत ओव्हलवर इंग्लंडचा ख्रिस वोक्स निखळलेला खांदा झोळीत बांधून मैदानात आला. त्याच्या धैर्याला माझा सलाम आहे. मात्र एखाद्याने असे धैर्य दाखवावे, अशी वेळ नियमाने त्याच्यावर आणू नये. अशा दुखापतींसाठी बदली खेळाडू देण्याच्या बाजूने भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक गौतम गंभीर बोलले, इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार बेन स्टोक्सने ती कल्पना साफ धुडकावली. आपल्या मंडळाने २०२५-२६ च्या हंगामापासून देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर बाह्य दुखापतीसाठी पूर्ण बदली देण्याची तरतूद केली, हे पाऊल मला मनापासून योग्य वाटते. स्टोक्सला वाटणारी गैरवापराची भीती अगदीच निराधार नाही, आणि ती घालवायची तर दुखापतीची नोंद सर्वांसमोर ठेवली पाहिजे.

अशी नोंद ठेवणारा खेळ अस्तित्वात आहे आणि तो म्हणजे अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल. तेथे प्रत्येक संघाला हंगामात १६२ सामने खेळावे लागतात आणि हंगामाच्या बहुतेक काळात चालू संघात २६ जणच ठेवता येतात, त्यामुळे दुखापत व बदली हा तेथील चाहत्यांच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. जायबंदी खेळाडूचे नाव, दुखापतीचा अवयव आणि तारीख यांसह तो अधिकृत यादीत जातो. फलंदाजाला किमान दहा दिवस, चेंडू फेकणाऱ्या पिचरला किमान पंधरा दिवस बाहेर बसावे लागते. दीर्घ दुखापतींसाठी साठ दिवसांची यादी वेगळी आहे, आणि कन्कशनसाठी सात दिवसांची यादी तर २०११ पासून आहे. या किमान मुदतीमुळे खोटी दुखापत दाखवून सोयीची बदली घेणे महाग पडते. शिवाय सामन्यात एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, मग कारण काहीही असो.

लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचे २०२५ चे उदाहरण मला या संदर्भात फार बोलके वाटते. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांचा मुख्य कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) विल स्मिथ याच्या उजव्या हातावर चेंडू बसला. पहिल्या तपासणीत हाड शाबूत दिसले, तो पुन्हा खेळला, आणि नंतरच्या तपासणीत बारीक फ्रॅक्चर आढळले. म्हणजे ऋतुराजच्या बाबतीत घडले तसेच येथेही घडले. फरक एवढाच की प्रत्येक टप्प्याची माहिती बाहेर येत राहिली. दुसरा कॅचरही त्याच सुमारास जायबंदी झाल्याने दुय्यम संघातून बेन रॉर्टवेट याला वर आणले गेले आणि त्याने अडचणीच्या काळात ती जागा सांभाळली. पुढे स्मिथ परतला आणि टोरांटोविरुद्धच्या अंतिम मालिकेतील सातव्या निर्णायक सामन्यात अकराव्या डावात त्याने मारलेल्या होमरनने (आपल्या षटकारासारख्या फटक्याने) डॉजर्सला विजेतेपद मिळवून दिले. रॉर्टवेटविषयी तेथील चाहत्यांमध्ये मतभेद झाले असतील, आणि होऊ देत; निदान स्मिथ हात राखून खेळतो, असा आरोप करण्याची वेळ कोणावर आली नाही.

आरोग्य ही खेळाडूची खासगी बाब आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो मी गंभीरपणे घेतो. कोणाचाही वैद्यकीय अहवाल छापा, असे माझे म्हणणे नाही. अवयव, तारीख आणि परतण्याचा ढोबळ अंदाज एवढेच पुरेसे आहे, आणि मानसिक किंवा कौटुंबिक कारण असेल तर त्याला तपशिलातून पूर्ण सूट असावी. प्रतिस्पर्ध्याला फायदा होईल हा दुसरा आक्षेप टिकत नाही, कारण यादीतला खेळाडू मैदानावर नसतोच.

हा प्रश्न फक्त क्रिकेटचा नाही. प्रो कबड्डीचे दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवलेल्या पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार पुढच्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि गतविजेता संघ पहिल्या सहांतही येऊ शकला नाही. ज्या चाहत्यांनी बालेवाडीला जाऊन त्या संघाला आवाज दिला, त्यांनाही गुडघ्याची स्थिती अधिकृतपणे कळण्याचा तितकाच अधिकार आहे.

रणजी करंडकात खेळणाऱ्या मुलांची स्थिती याहून बिकट आहे, आणि माझी खरी कळकळ त्यांच्याविषयी आहे. भारतीय संघातल्या खेळाडूची दुखापत आज ना उद्या बातमी होते. महाराष्ट्राचा एखादा वेगवान गोलंदाज मात्र दोन सामने संघात दिसत नाही, कोणी कारण सांगत नाही, आणि मैदानावर येणारे मोजके प्रेक्षक आपापसात ठरवून टाकतात की त्याला वगळले. ही कुजबूज निवड समितीपर्यंत पोहोचते, क्लबमध्ये पसरते, आणि परतल्यावर त्या मुलाला दुखापतीबरोबर या समजाशीही झगडावे लागते. त्याच्याकडे स्वतःची बाजू मांडायला ना पत्रकार परिषद असते, ना लाखो अनुयायी.

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने प्रत्येक रणजी सामन्याआधी संघाबरोबरच अनुपलब्ध खेळाडूंची छोटी यादी प्रसिद्ध करावी, आणि गंभीर दुखापतीची बदली घेतली गेल्यास कोणाच्या जागी कोण आले व का, हे त्याच दिवशी सांगावे. यासाठी नवा पैसा लागत नाही. संघाच्या फिजिओकडे ही नोंद असतेच. आपल्या वृत्तपत्राने ती धावफलकाशेजारी चौकटीत छापली, तर तरुण खेळाडूंवर मोठे उपकार होतील. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी महाराष्ट्राच्या पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी संघ व्यवस्थापनाला हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर आले नाही, तर तेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक,
कोथरूड, पुणे