पहिला मान श्वासाचा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,

स.न.वि.वि.

मी भूलतज्ज्ञ आहे. रात्री-बेरात्री अपघात विभागातून बोलावणे येते. एकदा गेले तर स्ट्रेचरवरच्या माणसाच्या ओठांवर निळसर झाक, घशात रक्ताची गुळणी, आणि भोवतीचे सगळे जण हात आखडून उभे. मानेचा मणका मोडला असला आणि मान हलली, तर तो कायमचा लुळा पडेल, ही भीती. सक्शनने रक्त ओढले, जबडा पुढे उचलला, तशी छाती हलली. मान स्थिर ठेवणारी कॉलर मात्र अगदी चोख बांधलेली होती!

भीती खोटी नाही. पण प्राणवायूवाचून मेंदू काही मिनिटांतच जायला लागतो; मणक्याला तेवढी घाई नसते. म्हणून डोके मागे न झुकवता जबड्याचे दोन्ही कोन धरून तो पुढे ढकलायचा. तेवढ्यानेही श्वासाची वाट मोकळी झाली नाही, तर डोके बेताने मागे न्यावेच लागते. शिकवताना हे वाक्य आम्हीही जरा दबक्या आवाजातच म्हणतो.

श्वासासाठी घशातून नळी टाकताना खरी कसोटी. एकाने दोन्ही हातांनी डोके जागच्या जागी धरायचे, मगच कॉलरचा पुढचा भाग सोडायचा. तो असला की तोंड पुरते उघडत नाही. डोके असे धरले की स्वरयंत्र नीट दिसत नाही, म्हणून नळीला वाट दाखवणारी लवचिक बूजी हाताशी हवी. स्वरयंत्र पडद्यावर दाखवणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असला तर उत्तमच. नळी श्वासनलिकेतच गेली याची खात्री उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ देतो. सगळेच फसले, तर कंठमण्याखालच्या पडद्याला छेद देऊन वाट करायची, आणि ती वेळ आली हे कुणीतरी मोठ्याने म्हणावे लागते.

मानेवरच्या चाकूच्या किंवा गोळीच्या जखमेत तर कॉलरखाली वाढणारी सूज झाकली जाते, नळी टाकायची वेळ निघून जाते.

साहेब, मी यंत्रांची यादी घेऊन आलेले नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास द्या. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेतले कर्मचारी यांनी पुतळ्यावर एकत्र सराव करावा : डोके कोण धरणार, कॉलर कोण सोडणार, सक्शन कोणाकडे. वेगवेगळे शिकलेले हे लोक एरवी पहिल्यांदा भेटतात ते रुग्णाच्या उशाशी.

आणि रुग्णवाहिकेच्या तपासणीत कॉलर मोजून झाल्या की सक्शनचे बटणही दाबून पाहावे, एवढे आदेशात घालावे.

आपली,
एक भूलतज्ज्ञ