आजी आणि तिची खाणावळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. आजी झोपेतच गेली. जन्म 1929 चा, असं ती सांगायची. कागदोपत्री नोंद कुठंच नाही. आदल्या रात्री आमटीत मीठ कमी म्हणून आईशी कटकट करून झोपली होती, म्हणजे तब्येत उत्तम होती.

दिवसकार्याला येणारा जो तो एकच बोलत होता, मावशी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा, किती गिरणीवाल्यांना जेवू घातलं! मी मान डोलावत होतो. तिच्या कानावर हे पडलं असतं तर फाडकन म्हणाली असती, "धंदा होता माझा. अन्नछत्र नव्हतं घातलं."

खरंच धंदा होता रे. पाटण तालुक्यातून लग्न होऊन परळला आली. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पगार बेताचा, घरात खाणारी तोंडं वाढती. हिनं चाळीतल्या एका खोलीत खाणावळ मांडली. सकाळची पाळी सातची, म्हणून ही साडेतीनला चूल पेटवायची. दुपारी साडेतीनला पाळी बदलायची, रात्री बाराला पुन्हा. कोकणातल्या मेंबरांना, म्हणजे महिन्याच्या बोलीनं जेवणाऱ्यांना, बोंबलाचं कालवण आणि भात, घाटावरच्यांना भाकरी आणि अख्खा मसूर. रविवारी मटण, पण फोडी मोजून. एकदा एकानं पाचवी फोड उचलली तर भर पंगतीत त्याच्या ताटातून ती परत पातेल्यात टाकली होती, हे तुझ्या बाबांनीच मला सांगितलंय.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात तिचं माहेर बसलं. तेव्हा तेवढी खाणावळ बंद राहिली. त्याबद्दल ती फारसं बोलत नसे.

बोलायची ती लाटणं मोर्चाबद्दल. दुष्काळाची वर्षं, 1972-73. रेशनला तो लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, त्याची भाकरी थापता थापता तुटायची. रॉकेलला रांग, तेल-साखर महाग. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेवर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांत आमची आजीही. पण नेलं ते कडेला तडकलेलं लाटणं. चांगलं घरी ठेवलं, कारण संध्याकाळी पोळ्या लाटायच्या होत्या! घोषणा देऊन आली आणि पदर खोचून कणीक मळायला बसली. मला तर आजी म्हटलं की हेच आठवतं.

तेव्हा खाणावळीचा माल वाण्याकडून उधारीवर यायचा, आणि उधारीचा भाव तो म्हणेल तो. मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर वाणी मान धरणार. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. हिनंही घेतलं. रोख पैसे टाकून गोणी उचलली तेव्हा वाण्याचा चेहरा कसा झाला, ते ती नव्वदीतही नक्कल करून दाखवायची. अन्नपूर्णा हा शब्द तिला चालायचा तो फक्त मंडळाच्या नावात.

लिहितावाचता येत नव्हतं, पण हिशोब चोख. तिची ती वही आता माझ्याकडे आहे. प्रत्येक मेंबराचं चित्र: कुणाची मिशी, कुणाची छत्री, कुणाचा चष्मा. पुढे जेवणागणिक एक रेघ, पैसे आले की आडवी काट. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि रेघा पानाबाहेर जायला लागल्या. अडीच लाख कामगार घरी बसलेले, पैसे देणार कोण? तिनं रविवारचं मटण बंद केलं, आमटी पातळ केली आणि गावी निघालेल्या प्रत्येकाला बजावलं, "पैसं नसलं तर धान्य धाड." खरंच गोण्या आल्या. कोकणातून तांदूळ, आमसुलं. घाटावरून ज्वारी, शेंगा. ज्यांच्याकडून काहीच आलं नाही त्यांचा तिनं पिच्छा सोडला नाही. त्या गावचा कुणी भेटला की विचारायची, "छत्री काय करतोय? माझं देणं हाय म्हणावं." गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले तरी छत्रीचं खातं उघडंच राहिलं.

लोक म्हणतात तिचं मन मोठं होतं. असेलही. पण मला वाटतं, उधारी वसूल करण्यातच तिनं त्या माणसांचा मान राखला. भीक घातली असती तर ती माणसं पुन्हा तिच्या दारात जेवायला बसली असती का?

वहीत तुझे बाबाही आहेत. सायकल. सगळ्या रेघा काटलेल्या, फक्त शेवटच्या पानावर तीन तशाच आहेत. त्यांना विचारून बघ, पण जपून विचार, रागावतील. मे महिन्यात येणार असशील तर आधी कळव, वही दाखवतो.

काका-काकूंना नमस्कार.

तुझाच,
परळवाला