पीडितेसोबत खटला संपेपर्यंत एक माणूस हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अत्याचाराची बातमी छापून येते ती गुन्हा दाखल होतो तेव्हा, नाहीतर थेट निकालाच्या दिवशी. मधली वर्षं मी आधी स्वतः काढली, आणि आता इंदूरमध्ये नोकरी म्हणून इतर बायकांसोबत काढते: दवाखाना, पोलीस ठाणं, जिल्हा न्यायालय.

पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) २०२० च्या नियमांनुसार अत्याचार झालेल्या मुलाला किंवा मुलीला तपासापासून खटला संपेपर्यंत साहाय्यक व्यक्ती मिळू शकते. बालकल्याण समिती ती नेमते. वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला मात्र हा नियम लागू नाही. १९ वर्षांच्या पोरीला भीती कमी वाटते का? मी तेवढीच होते. ठाण्यात पुरुषांसमोर उभं राहून तेच तेच सांगत होते, आणि आईला बाहेर बसवलं होतं.

आज कायदा पुष्कळ बदललाय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या) कलम १७६ प्रमाणे बलात्कार पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातले समाजसेवक हजर असताना घ्यायचा असतो. पण हे ठाऊक असलेलं कुणी त्या घटकेला शेजारी नको का? घरचे स्वतःच खचलेले असतात. कितीदा तर करणारा घरातलाच असतो.

तपासणीच्या खोलीबाहेर मी 'काय झालं' असं विचारतच नाही. दार लावू की उघडं ठेवू, चहा हवा की पाणी, एवढंच विचारते. एका मुलीनं खुर्ची भिंतीला टेकवून, दाराकडे तोंड करून मागितली. तशी ठेवल्यावर बोटांना करकचून गुंडाळलेली ओढणी तिनं सोडली. जिचं काहीच चालू दिलं गेलं नाही, तिला पुन्हा 'हो' किंवा 'नको' म्हणता येणं, बरं होणं तिथून सुरू होतं. तपासणीलाही तिची संमती लागते. आणि उपचार कोणत्याही रुग्णालयात, खासगीतसुद्धा, ताबडतोब आणि मोफत मिळायला हवेत (त्याच संहितेचं कलम ३९७).

कोर्टातलं सगळ्यात अवघड. बाकावर हातभर अंतरावर आरोपीचे नातेवाईक बसलेले असतात. घाबरलेल्या मनाला घटनांचा क्रम आठवत नाही. वास आठवतो, भिंतीचा रंग आठवतो. उलटतपासणीत नेमकं यावरच बोट ठेवून तिला खोटं पाडतात. मी एवढंच सांगते, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण, अंदाजानं बोलू नकोस. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये अशा साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळं साक्ष केंद्र असावं असा आदेश दिला, आणि त्यात सज्ञान पीडिताही धरल्या. मग साहाय्यक व्यक्तीच्याच बाबतीत वयाची अट कशाला?

ही साहाय्यक व्यक्ती प्रशिक्षित आणि पगारी हवी, कारण खटला लांबला की हौसेनं आलेली माणसं गळतात. सोसलेल्या बायकांना या कामात जरूर घ्यावं, पण त्यांचे स्वतःचे उपचार झाल्यावरच. मीही आधी समुपदेशन घेतलं, मगच दुसरीचा हात धरला.

आपल्याकडे एक मागणं आहे. अशा प्रत्येक बातमीखाली महिला हेल्पलाइन १८१ आणि भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, एवढ्या दोन ओळी छापाव्यात. माझं नाव छापू नये. लाजेपोटी नव्हे, माझ्यावर अत्याचार करणारा माझ्या नात्यातला होता आणि त्याच्या मुली याच गावात नांदतात.

— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर