तुझे चार गट

प्रिय मनू,

काल "आई, तुझा माझ्यावर विश्वासच नाही" म्हणून तू फोन ठेवलास. विश्वास आहे गं. पेपर पाठवायच्या तोंडावर मी त्यातल्या रुग्णांच्या गटांवर शंका काढली ते तुला लागलं, हेही कळतं. आज त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

पण ते चार गट डोक्यातून जात नाहीत. के-मीन्स ही गट पाडायची पद्धत, तिच्याकडे चार गट मागितले की ती चार देतेच, डेटात मुळात गट नसले तरी. वयाचे आकडे साठ-सत्तर, रक्तातल्या क्रिएटिनिनचे एक-दीड. सगळी मापं आधी प्रमाणित केलीस ना, म्हणजे एकाच पट्टीवर आणलीस ना? नाहीतर एकटं वयच गट पाडतं. सीड, म्हणजे सुरुवात ठरवणारा तो आकडा, बदलून, थोडे रुग्ण वगळून पुन्हा चालवलंस? दर वेळी तीच माणसं एकत्र येतात का? गट एकमेकांपासून किती वेगळे ते सांगणारा सिल्युएटचा आकडा मसुद्यात कुठे दिसला नाही. बघ, वर्ग घ्यायलाच लागले. रागावू नकोस.

2018 चा स्वीडनचा तो पेपर तूच मला वाचायला दिलास. नव्याने मधुमेह निघालेले 8,980 जण, सहा मापं, पाच गट. त्यांनी तेच गट दुसरीकडच्या रुग्णांतही तपासले, मग पुढची वर्षं पाहिली: एका गटाची मूत्रपिंडं जास्त बिघडली, दुसऱ्याच्या डोळ्यांचे पडदे. पहिला गट अँटिबॉडी असलेल्यांचा, म्हणजे ज्यांचं शरीर इन्शुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशींवर उलटतं त्यांचा. तिथे मला बाबा दिसले. चाळिशी उलटलेली, म्हणून मोठ्यांचा नेहमीचा मधुमेह धरून नुसत्या गोळ्या. वजन उतरतच होतं. ते खिळ्याने पट्ट्याला नवं भोक पाडायचे आणि तू दुसरं टोक घट्ट धरून बसायचीस. अँटिबॉडीची तपासणी फार उशिरा झाली, मग इन्शुलिन.

म्हणून विचारते, हे गट टिकतात ना? उद्या तुझ्या गटाचं नाव कुणाच्या तरी केसपेपरवर लागेल.

पहिल्या लेखकाच्या जागी तुझं नाव पाहून मी तो मसुदा वन्संना दाखवून आले, हे काल सांगायचं राहिलं.

दुसऱ्या रुग्णालयाचा डेटा आला का? त्यावर तीनच गट टिकले तर तीनच लिही. गाइडना सांगायला जड वाटलं तर आधी मला फोन कर.

तुझी,
आई