लॉनवरचे पिवळे पट्टे : सोसायटी अध्यक्षांना चौथे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व समितीचे सर्व सदस्य

विषय : खत टाकण्याच्या स्प्रेडरचा चुकीचा वापर व तीन तक्रारींना न मिळालेले उत्तर

महोदय,

या विषयावरचे हे माझे चौथे पत्र. आधीची तीन पोचल्याच्या सह्या माझ्याकडच्या प्रतींवर आहेत. मी आजवर आवाज चढवलेला नाही आणि आजही चढवणार नाही. पण काल संध्याकाळी लॉनवर ते मशीन पुन्हा फिरत होते, डायल पुन्हा 12 वर होता, आणि आता गप्प बसणे माझ्याच्याने होत नाही.

बागेचे काम पाहणाऱ्या सन्माननीय सदस्यांनी 12 या आकड्यापाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला आहे. काहीही टाकायचे असो, काटा ठिपक्यावर. हा 12 आला कुठून? पूर्वी आणलेल्या दाणेदार सेंद्रिय खताच्या पिशवीवरून. ते खत जाड, खडबडीत, त्यात नत्र कमी, म्हणून जास्त टाकावे लागते आणि हॉपरचे (मशीनवरच्या खताच्या डब्याचे) तोंडही मोठे उघडावे लागते. युरियाचा दाणा एक-दोन मिलिमीटरचा, गोल आणि गुळगुळीत. तोंड तेवढेच उघडले तर तो धो धो पडतो, शिवाय त्यात 46 टक्के नत्र. डायलचा आकडा म्हणजे किलो नव्हे आणि ग्रॅमही नव्हे. तोंड किती उघडले एवढेच तो सांगतो. किती माल पडला हे फक्त वजनकाटा सांगतो.

हे मी नुसते बोलत नाही. गेल्या महिन्यात सचिवांच्या समक्ष पार्किंगच्या कोरड्या फरशीवर करून दाखवले होते (त्यांना मध्येच फोन आल्याने शेवटचे वजन त्यांनी पाहिले नाही, पण माळीदादांनी पाहिले). आधी वाटेवर आडवे ट्रे मांडून दाणे किती रुंद पडतात ते बघितले. मध्यापेक्षा निम्मे पडू लागतात तिथपर्यंतची रुंदी धरायची, ती 2 मीटर भरली. मग हॉपरमध्ये 3 किलो युरिया मोजून घातला, 12 वर ठेवून नेहमीच्या चालीने 20 मीटर चाललो आणि उरलेला पुन्हा तोलला. 1 किलो 900 ग्रॅम. म्हणजे 40 चौरस मीटरला 1 किलो 100 ग्रॅम पडला. लॉनला एका वेळी चौरस मीटरमागे 5 ग्रॅम नत्र पुरते, म्हणजे युरिया साधारण 11 ग्रॅम, आणि 40 चौरस मीटरला 440 ग्रॅम. अडीचपट पडत होता! झाडून परत पिशवीत भरला, एक दाणा वाया घालवला नाही.

एवढे होऊनही दुसऱ्याच आठवड्यात तोच 12, तोच युरिया, आणि वर पाणीसुद्धा दिले नाही. माझ्या खिडकीतून आज सहा पिवळे पट्टे दिसतात, फूटपट्टीने आखल्यासारखे. दोन फेऱ्या जिथे एकमेकींवर आल्या तिथे गवत मुळापर्यंत वाळले आहे. फाटकापाशी ताटलीएवढा गोल जळला आहे, कारण तिथे ते सदस्य हॉपरचे तोंड उघडे ठेवून फोनवर बोलत उभे होते. आधी चालायला लागायचे मग तोंड उघडायचे, थांबण्याआधी बंद करायचे, हे त्यांना मी दोनदा अत्यंत सौम्यपणे सांगितले आहे. पट्टे "उन्हाने पडले" असे ग्रुपवर लिहिले गेले. ऊन असे दोन-दोन मीटर अंतर राखून पडत नाही.

उलट जिप्समचे दाणे टाकले तेव्हाही 12 च. दाणा बदलला की पडण्याचा वेग बदलतो आणि फेकही बदलते. जड दाणा लांब जातो, भुगा पायापाशीच पडतो. म्हणून प्रत्येक मालाचे कॅलिब्रेशन, म्हणजे डायलच्या कोणत्या आकड्यावर किती पडते ते मोजणे, वेगळे करावे लागते. यात वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही.

विषय निघालाच आहे तर आणखी नोंदवते. युरियाची फोडलेली पिशवी महिनाभर पंपरूममध्ये उघडी होती, ओल धरून त्याची ढेकळे झाली, ती विटेने फोडून हॉपरमध्ये घातली. मशीन कधी धुतले जात नाही, झडप गंजून अर्धवट अडकते, म्हणजे आता तो 12 सुद्धा खरा 12 राहिलेला नाही. माझा वजनकाटा नेला तो तीन आठवड्यांनी परत आला, तोही झाकणाशिवाय. दोन वर्षांपूर्वी मेंदीचे कुंपण गुडघ्याएवढे छाटले तेही याच सदस्यांनी, कोणालाही न विचारता.

उपविधींनुसार सामाईक जागेत समितीच्या मंजुरीविना बदल करता येत नाही. लॉन हिरवे होते, ते पिवळे झाले, याला बदलच म्हणतात. (माझ्या खिडकीखालच्या कुंड्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे आणू नये.) ए विंगमधील तिघीजणी, सकाळी फिरणारे सर्व ज्येष्ठ आणि तळमजल्यावरची बहुतेक कुटुंबे माझ्याशी सहमत आहेत. वाद वाढू नये म्हणून मी सह्या घेतलेल्या नाहीत.

माझी मागणी फार नाही. तो लाल ठिपका खरवडून काढावा. मशीनची किल्ली त्या सदस्यांकडून घेऊन माळीदादांकडे द्यावी. जळालेल्या पट्ट्यांवर नवे गवत लावण्याचा खर्च ज्यांनी जाळले त्यांनी करावा. आणि या पत्राचे उत्तर लेखी मिळावे, ग्रुपवर अंगठा नको.

मशीनला बांधायची वही मी आखून ठेवली आहे. मालाचे नाव, डायलचा आकडा, आधीचे वजन, नंतरचे वजन, फेरीची रुंदी. युरियाचे पान मी भरले आहे. 5 वर 40 चौरस मीटरला 220 ग्रॅम पडतो, म्हणजे निम्मा, आणि तो उभा एकदा व आडवा एकदा असा टाकायचा आहे. बाकीची पाने रविवारी सकाळी 7 वाजता पार्किंगमध्ये भरेन. काटा माझा असेल. समितीतर्फे कोणीतरी शेवटचे वजन होईपर्यंत थांबावे.

आपली विश्वासू,
सभासद, सी विंग, तळमजला